चौथ्या मजल्यावरची अक्का आणि तळमजल्यावरची खुर्ची

आमच्या ह्यांची पाठ कशाने गेली असं कुणी विचारलं, की हे छाती पुढे काढून सांगतात, "सोफा उचलताना." साफ खोटं! सोफा ह्यांनी उभ्या जन्मात एकट्याने उचललेला नाही. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आणि मी उचलतो, आणि हे मागून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणून ओरडतात. पाठ गेली ती दोऱ्याचं रीळ उचलताना. रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं, हे वाकले, आणि वाकले ते वाकलेच. मी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होते. बराच वेळ झाला म्हणून विचारलं, "अहो, सापडलं का?"

टेबलाखालून आवाज आला, "रीळ सापडलंय. मला वर येता येत नाहीये."

मला आधी हसू आलं. लपवून काय करू? मग ह्यांचा पांढराफटक चेहरा दिसला आणि हसू घशातच राहिलं.

आमचं दुकान खुर्च्या-सोफ्यांचं. पुढे दुकान, मागे घर. लोकांच्या फाटक्या खुर्च्या येतात, आम्ही त्यांची जुनी कातडी सोलून काढतो, खालची नवार ताणून बसवतो, स्प्रिंगा सुतळीने बांधतो, वर काथ्या, फोम, मग नवं कापड. मी शिवते, हे ठोकतात. तोंडात बारीक खिळे धरून एकेक काढायचा आणि ठोकायचा ही ह्यांची पद्धत. त्यामुळे दुकानात हे कमी बोलतात. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला वाटायचं, काय शांत माणूस आहे! नंतर कळलं की शांत वगैरे काही नाही, तोंडात खिळे आहेत.

डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, पायाच्या बोटांपर्यंत टोचून बघितलं. म्हणाले, मोडलंबिडलं काही नाही. थोडे दिवस गोळ्या घ्या, जड उचलू नका, थोडा आराम करा, पण पडून राहू नका, हिंडतेफिरते राहा. एवढं सगळं सांगितलं. त्यातला "आराम" हा एकच शब्द ह्यांच्या कानात शिरला. बाकीचे दाराबाहेरच राहिले.

आता पुढची गोष्ट ऐका. अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. न्हाव्याची पाठ दुखली तर तो स्वतःची दाढी करत बसत नाही. पण आम्ही पडलो खुर्चीवाले! ह्यांचं ठाम मत, की माणसाचं निम्मं दुखणं त्याच्या खुर्चीत असतं. पाठ दुखतेय ना? मग पाठीला शोभेल अशी खुर्ची बनवायची, बस्स. आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. एवढी वर्षं लोकांना आम्ही हेच तर सांगत आलो होतो.

मग काय विचारता! हे फळीवर उताणे पडून हुकूम सोडायचे आणि मी हुकूम पाळायची. "स्प्रिंगा मऊ घे." घेतल्या. "कमरेपाशी फोम अजून एक थर." घातला. "हात टेकायचे दांडे रुंद कर, चहाचा कप राहील एवढे." केले. वर कापड म्हणून एका गिऱ्हाइकाने नको म्हटलेली निळी मखमल चढवली. खुर्ची तयार झाली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. चष्मेवाला म्हणाला, "वहिनी, ही खुर्ची नाही, हे सिंहासन आहे." हे त्यात बसले, मागे टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "अहाहा!"

त्या "अहाहा"ने आमचा घात केला.

सकाळचा चहा खुर्चीत. पेपर खुर्चीत. जेवण खुर्चीत. दुपारची डुलकी तर खुर्चीतच. हळूहळू रात्रीची झोपसुद्धा. खुर्ची इतकी खोल, की उठायचं म्हटलं की एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. उठताना हे असे काही कण्हायचे की चष्मेवाल्याचं गिऱ्हाईक धावत यायचं. मग ह्यांनी उठणंच कमी केलं. आणि जितकं उठणं कमी, तितकं दुखणं जास्त. आधी कंबर धरलेली, मग पाठ, मग मानसुद्धा. पाय काडीसारखे व्हायला लागले. मी म्हणायची, "अहो, दारापर्यंत तरी चला." तर म्हणायचे, "बरी होऊ दे पाठ, मग चालतो." पाठ काय म्हणत असेल? हा चालू दे, मग बरी होते!

हे सगळं चाललं होतं तेव्हा तिकडे चौथ्या मजल्यावर अक्का वाट बघत होत्या.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा अक्काही तशा लहानच, पण त्यांनी ह्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, हातात पहिली हातोडी दिली ती त्यांनीच. स्वतःचं लग्नबिग्न त्या नादात राहून गेलं. अजून ह्यांना "ठोंब्या" म्हणतात, आणि हा ठोंब्या साठी उलटलेला. आमच्या मागच्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत त्या राहतात. चार मजले, लिफ्ट नाही. दोनएक वर्षांपूर्वी जिन्यात पाय घसरून पडल्या. हाड नाही मोडलं, धीर मोडला. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नाहीत. दूध वर, भाजी वर, औषधं वर. आणि दर रविवारी सकाळी हे वर. हातात पेपर, खिशात पत्त्यांचा जोड. दुपारपर्यंत दोघं पत्ते खेळायचे आणि भांडायचे. हे घरी आले की मी विचारायची, "कोण जिंकलं?" आणि हे म्हणायचे, "ती लबाडी करते." दर रविवारी. जिंकलेल्या रविवारीसुद्धा.

आता हे खाली अडकले, त्या वर अडकल्या. मधे फोन. पहिले काही रविवार थट्टामस्करीत गेले. "काय रे ठोंब्या, सिंहासनावर बसलास म्हणे? राज्य कसं चाललंय?" हे हसायचे. मग हळूहळू हसणं विरळ झालं. एका रविवारी हे म्हणाले, "अक्का, रिक्षा पाठवतो, तूच ये ना इकडे दोन दिवस." फोनचा आवाज एवढा मोठा की मला शिलाई मशीनवर बसून ऐकू यायचं. अक्का म्हणाल्या, "नको रे बाबा. तो जिना बघितला की माझ्या पायात गोळे येतात. मी आता उतरायची ती चौघांच्या खांद्यावरच."

सहज म्हणाल्या. दूध नासलं म्हणावं तितक्या सहज. पण ह्यांचा चेहरा असा उतरला की मी मशीन थांबवलं. फोन ठेवून हे बराच वेळ गप्प बसले. या वेळी तोंडात खिळेही नव्हते.

मग म्हणाले, "अगं, मी वर गेलो नाही तर ती आता मला दिसणार नाही. तसंच ना?"

तसंच होतं. मला रडू आलं आणि रागही आला. खुर्चीचा, पाठीचा, त्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचा, सगळ्यांचा. दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात जाऊन व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओला घरी घेऊन आले.

मला वाटलं होतं कुणी धिप्पाड पहिलवान येईल. आली ती वामनमूर्ती! खांद्यावरची पिशवीच तिच्याहून मोठी. हे माझ्याकडे असे बघायला लागले, की ही मला उचलणार? पोरगी मात्र बिलकूल बिचकली नाही. ह्यांना वाकवून बघितलं, पाय उचलायला लावले, मग समोर स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय करायचंय?"

"पाठ बरी करायचीय."

"ते झालं हो. पाठ बरी करून काय करायचंय?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. हे म्हणाले, "बहिणीकडे जायचंय. चार मजले आहेत."

"वा! मग ठरलं. बहिणीकडे जायचं," ती म्हणाली, जणू ह्यांनी कोपऱ्यावर जायचं म्हटलं. मग म्हणाली, "आता बघू, दिवसभर बसता कुठे?"

आम्ही मोठ्या अभिमानाने खुर्ची दाखवली. पोरगी त्यात बसली आणि दिसेनाशी झाली. खरंच सांगते, नुसते गुडघे दिसत होते. पाय जमिनीला टेकेनात. उठायला गेली, परत आत. पुन्हा जोर केला, पुन्हा आत. शेवटी खदाखदा हसत तिने दोन्ही हात वर केले आणि मी तिला ओढून बाहेर काढलं.

"काका," डोळे पुसत ती म्हणाली, "अशी खुर्ची मी जन्मात बघितली नाही. झकास आहे. पण तुमचं दुखणं आता पाठीत कमी आणि हिच्यात जास्त आहे."

झालं! ह्यांना असा राग आला, काय सांगू. स्वतःच्या हातची खुर्ची, तिला कुणी नाव ठेवायचं? ती पोरगी समजावत होती, की पाठ म्हणजे काचेचं भांडं नव्हे, ती हलती ठेवायची असते, बसून बसून आखडते, थोडं थोडं पण पुन्हापुन्हा चालायचं, सोसवेल तेवढं पाण्यात चालायचं. थोडं दुखलं तर घाबरू नका, पण पायात बधिरपणा आला, लघवीचं काही वेगळं वाटलं, तर मात्र एक क्षण न थांबता डॉक्टर गाठा. मी सगळं कान देऊन ऐकत होते. हे भिंतीकडे बघत होते.

ती गेल्यावर म्हणाले, "कालची पोर! हिला खुर्चीतलं काय कळतं?"

मी म्हटलं, "खुर्चीतलं नसेल कळत, तुमच्यातलं कळलं." आणि चष्मेवाल्याला बोलावून खुर्ची कोपऱ्यात ढकलली, तोंड भिंतीकडे करून. वर्गात खोड्या करणाऱ्या पोराला उभं करतात तशी. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पण बसायला साधी लाकडी खुर्ची राहिली, आणि तिच्यात कुणी फार वेळ बसत नाही. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "चपला कुठायत माझ्या?"

पहिली फेरी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत. पेटी आमच्या दारातून दिसते, इतकी जवळ. तरी जाताना चष्मेवाल्याकडे थांबा, किल्लीवाल्याकडे थांबा, फुलवालीच्या खांबाला टेकून थांबा. परत आले ते घामाघूम. पण आले, आपल्या पायांनी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सकाळ-संध्याकाळ. फुलवाली विचारायला लागली, "काका, एवढी पत्रं कुणाला लिहिता?" हे म्हणाले, "पेटीला."

मग पाणी. नगरपालिकेच्या तरणतलावावर सकाळी कोमट पाण्यात चालायचा वर्ग असतो. ह्यांना पोहता येत नाही, आणि पोहायची चड्डी तर ह्यांनी आयुष्यात घातली नव्हती. मी आणली. ती बघून म्हणाले, "एवढ्याशा कापडात मी एका स्टुलाची गादीसुद्धा करणार नाही." वर्गात सगळ्या बायका. साठीच्या, सत्तरीच्या, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. त्यांची म्होरकी एक निवृत्त नर्स, सगळ्या तिला कॅप्टन म्हणायच्या. ह्यांना काठावर घुटमळताना बघून तिने तिथूनच आवाज दिला, "या या, लाजताय काय! इथे सगळे मोडकेच आहेत!"

मी बाकावर बसून बघत होते. हे कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. दोन पावलं टाकली. थांबले. आणखी दोन टाकली. मग माझ्याकडे वळून, एवढ्या बायकांसमोर, मोठ्याने ओरडले, "अगं ए! पाण्यात मला पाठच नाहीये!"

सगळा तलाव हसला. मी हसले आणि रडलेही. कितीतरी दिवसांनी त्या माणसाचा चेहरा दुखण्याशिवाय दिसला होता. घरी येताना रस्ताभर मला सांगत होते पाणी कसं उचलून धरतं ते, जणू पाण्याचा शोध ह्यांनीच लावला.

आणि घरी आले की फोन. रोज. अक्कांना सगळं सविस्तर सांगायचं. ह्यांची सांगायची पद्धत म्हणजे शिकाऊ माणसाला काम शिकवावं तशी, एकही टाका सोडायचा नाही. "अक्का, ओट्याला धरायचं. दोन्ही टाचा उचलायच्या. सावकाश. मग सावकाशच खाली." तिकडून अक्का, "थांब थांब. ओट्याला एका हाताने की दोन्ही?" "दोन्ही. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं." "कुठली खुर्ची? मऊ की टणक?" "टणक गं. मऊ खुर्चीचं नाव काढू नकोस." माझा चहा गार व्हायचा. मी मनात म्हणायची, या भावंडांना पत्ते नाहीत म्हणून भांडायला हा विषय मिळालाय. एकदा तर अक्कांना चांगली धाप लागलेली ऐकू आली. हे म्हणाले, "काय गं, दम लागलाय?" त्या म्हणाल्या, "झटकत होते. जळमटं झालीत." ह्यांनी लगेच जळमटांवर सल्ला दिला.

पायरीचा सराव करायला फिजिओने एक ठेंगणं, मजबूत खोकं आणायला सांगितलं होतं. चढायचं, उतरायचं. ह्यांनी खोकं आणलं आणि रातोरात त्यावर फोम घालून छान हिरवं कापड चढवलं. फिजिओ आली, पाय ठेवला, पाय आत गेला. तिने कपाळावर हात मारला. "काका, पायरी आहे ती! पायरी मऊ नसते!" ह्यांनी निमूटपणे सगळं सोलून काढलं. सवय जात नाही हो माणसाची.

पण सगळं असं हसतखेळत झालं असं समजू नका. माणसाला जरा बरं वाटलं की शिंगं फुटतात. एका रविवारी हे "पेटीपर्यंत जाऊन येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. मी दारात उभी. पेटीपाशी कुणी नाही. तेवढ्यात अक्कांच्या इमारतीतल्या कुणाचा तरी फोन आला, तुमचे यजमान जिन्यात बसलेत.

मी धावत गेले. हे गुपचूप अक्कांकडे निघाले होते, दोन मजले एका दमात चढले, तरुण माणसासारखे. तिसऱ्याला वळले आणि कळ आली. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, घामाने डबडबलेले. आणि वरून अक्कांचा आवाज येत होता, "ठोंब्या! अरे काय झालं? पडलास का? बोल ना!" हे खालून ओरडत, "काही नाही गं अक्का, बसलोय!" "खोटं बोलू नकोस! कण्हतोयस तू! मला ऐकू येतंय!" दोघांना एकमेकांचा आवाज येत होता आणि तोंड दिसत नव्हतं. मी वर बघितलं. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर अक्कांचा हात तेवढा दिसत होता, गच्च धरलेला. हात खाली सरकायचा, पुन्हा मागे जायचा. पुन्हा सरकायचा, पुन्हा मागे. मग तो दिसेनासा झाला आणि दार लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे असं काही बघितलं, की मी जाऊन तिच्यावर कापडाचे सगळे तागे रचून ठेवले. फिजिओ आली. तपासून म्हणाली, "दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. तुम्ही जास्त खाल्लंत, आता थोडे दिवस कमी खायचं. पण उपास करायचा नाही." म्हणजे चालणं थांबवायचं नाही. हे पुन्हा टपालपेटीपासून सुरू झाले. पुन्हा पाणी. पुन्हा ओटा, टाचा, उठबस, खोकं. या वेळी मिरवणं नाही, घाई नाही. तोंड शिवल्यासारखे करत राहिले. कॅप्टनने विचारलं तर म्हणाले, "बहिणीकडे जायचंय."

अक्का दोन दिवस फोनवर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून केला. म्हणाल्या, "ते पायरीवर चढायचं कसं रे, सांग परत. आधी कुठला पाय?"

हे म्हणाले, "चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. आणि एक हात कठड्यावर."

"दुखरा आधी," अक्का म्हणाल्या. "बरं."

महिने गेले, असं नुसतं लिहून मोकळं होणं सोपं आहे. मला ते गार झालेल्या चहांतून मोजावे लागतील. एक दिवस फिजिओ म्हणाली, "काका, या रविवारी जा. सावकाश. प्रत्येक मजल्यावर थांबा. काकू सोबत हव्यात." रविवारी हे पहाटेच उठले, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. खिशात पत्त्यांचा जोड घातला.

पहिला मजला चढून थांबलो. दुसरा चढून थांबलो. गेल्या वेळी बसले होते त्या पायरीवर ह्यांनी हळूच चापट मारली, "काय गं, ओळखलंस का?" मला भीती वाटत होती. पुन्हा कळ आली तर हा माणूस परत उभा राहायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. देहाने राहिला असता, मनाने नाही. मी मागून एकेक पायरी बघत होते. चांगला पाय, मग दुसरा. हात कठड्यावर. तिसऱ्या मजल्याच्या वळणाशी आलो आणि हे एकदम थांबले.

"काय झालं? कळ आली का?"

मी कडेने डोकावून बघितलं.

तिसऱ्या मजल्याच्या सज्जात, शेजाऱ्यांच्या लाकडी खुर्चीवर, ठेवणीतलं लुगडं नेसून अक्का बसल्या होत्या. चौथ्या मजल्यावर नव्हे. तिसऱ्या! एक अख्खा जिना उतरून.

"उशीर केलास," अक्का म्हणाल्या.

"अक्का... तू? तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? तूच तर रोज शिकवलंस फोनवर. ओट्याला दोन्ही हात, टाचा वर." मग त्यांचा आवाज बदलला. "त्या दिवशी तू दोन मजले खाली कण्हत बसलास, आणि मला एक जिना उतरता येईना. दार लावून घेतलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली रे. लहानपणी तू पडलास की मी तुझ्या आधी पोचायची."

आणि अक्का खुर्चीवरून उठल्या. हात न टेकता! हे पुढे झाले. एकाची पाठ वाकेना, दुसरीचे गुडघे वाकेनात. दोघं एकमेकांना धरून ताठच्या ताठ उभे राहिले आणि पोरांसारखे रडले. मी आपली जिन्यातच बसले आणि पदराने नाक पुसत राहिले. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "पत्ते आणलेत का? इथेच वाट." तिथेच सज्जात डाव मांडला. हे हरले. घरी येताना म्हणाले, "ती लबाडी करते."

मग पुढच्या काही रविवारी भेट दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्या. दर वेळी अक्का थोड्या खाली, हे तितकेच कमी वर. चष्मेवाला म्हणाला, असंच चाललं तर तुमच्या अक्का लवकरच माझ्या दुकानात येतील. आल्या! एका सकाळी हातात काठी, शेजारी हे, आणि अक्का आपल्या पायांनी रस्ता ओलांडून आमच्या दारात उभ्या. चौघांच्या खांद्याची गरज लागली नाही.

ह्यांनी काय करावं! धावत जाऊन, म्हणजे धावत नव्हे, पण जमेल तितक्या घाईने, तागे काढले, खुर्ची वळवली, मखमल हाताने झटकली. "बस अक्का. खास आहे ही."

अक्कांनी खुर्चीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसायला आलेय का मी? एवढी वर्षं बसलेच होते. ऊठ, चल, तुझी ती टपालपेटी दाखव."

दोघं निघाले. मी दारातून बघत राहिले. चष्मेवाल्याकडे थांबा, किल्लीवाल्याकडे थांबा, फुलवालीच्या खांबाशी थांबा. फुलवालीने अक्कांना फूल दिलं. मला इतकं हलकं वाटलं आणि इतका थकवा आला, दोन्ही एकदमच. इतके महिने मीच एकटी उभी होते ना. मागे वळले, समोर खुर्ची. बनवली माझ्या हातांनी, पण मी तिच्यात कधी बसलेच नव्हते. बसले. अहाहा!

आणि अडकले. ते दोघं परत आले तेव्हा मी आतूनच हाका मारत होते. अक्का हसून हसून काठीवर टेकल्या. मग एका हाताला अक्का, एका हाताला हे. दोघंही गुडघ्यात वाकले, कमरेतून नाही, शिकवल्याप्रमाणे. "सावकाश," हे म्हणाले. "सावकाश," अक्का म्हणाल्या. आणि त्या दोघांनी मला उचलून उभं केलं.